बोअर नंबर सतरा

स्टेशन बघायचंय? या की.
चपला असू द्या पायात, कुसळं हायत.
हे पत्र्याचं शेड, ही माझी खुर्ची,
आन् ह्या लाकडी पेट्या, एकोणचाळीस.
स्टेशन ह्यांच्यात हाय.

बाळ्याच्या पुढं, डांबरी संपते तिथं
तीन महिने मशीन लावून जमीन टोचली.
साहेब म्हणले, लिंबाद्री, रक्त तपासतात ना, तसं समज.
नळीभर काढायचं, पेटीत निजवायचं,
खडूनं लिहायचं किती खोल.
मग मशीन गेलं. साहेब गेले.
मी राहिलो, महिना नऊ हजारावर,
दगड कुणी चोरू नये म्हणून.
कोण चोरतंय बे दगड? सोलापुरात?

हे बघा, वरच्या कप्प्यात काळी माती,
सुकून तिचा बुक्का झालाय.
मग मुरूम, बोट लावलं तर लाडवासारखा फुटतो.
सात मीटरला भोकाभोकांचा दगड,
भोकात खडीसाखर बसल्यागत पांढरं काहीतरी.
अकराच्या खाली काळा पाषाण, हातहातभर सलग.
ह्याच्यावर खांब. खांबावर रूळ.
रुळावर जी येईल ती दोन मिनिटं थांबेल
आन् दीड तासात हैदराबाद.

दीड तास.
बायकोला सांगितलं तर म्हणली, म्हणजे दीडशे विड्या.
तिचं घड्याळ सुपात हाय.
आत्ताच्या गाडीला सहाशे लागतात,
लेट झाली तर सगळी हजारी वळून होते
आन् पद्मावती तिकडून फोन करते, आत्ता उतरले.
धाकटी विचारते, ती नवी गाडी, एप्पुडु?
कधी ह्याला मराठीत काय, तेलुगूत काय,
उत्तर नाही.
मी पेट्यांवरची धूळ झटकतो.

चोवीस वर्षं टॉवेलचा माग चालवला.
कान तिथंच ठेवून आलो.
तुम्ही बोलता ते मी ओठावर वाचतोय,
जरा इकडं तोंड करून बोला.
साहेब म्हणले होते, गाडी इतकी गुळगुळीत जाईल
की आवाजच नसेल फारसा.
म्हणलं, माझ्यासाठी आवाज ठेवू नका, उगं खर्च.
हसले. मोठ्यानं हसले असणार, दात दिसले.

आता ही सतरा नंबरची पेटी. हिच्यात गंमत हाय.
नऊ मीटर ते नऊ साठ, काहीच मिळालं नाही.
नळी वर आली ती रिकामी.
पाणी असेल, पोकळी असेल, कुणाला ठाऊक.
तेवढी जागा मोकळी सोडून
बाजूला लाकडी ठोकळा ठोकला, "नाही" लिहून.
रोज डोळ्यांसमोर ते नाही.
शेवटी घरून माझा जुना धोटा आणला,
टोकाचं पितळ झिजलेला,
आन् ठेवला तिथं. बसला बघा कसा.
मिनिटाला शंभरदा जायचा-यायचा हा,
कुठंच पोचला नाही,
पण टॉवेल निघाले. टॉवेल लांब गेले.

गेल्या महिन्यात एक नवीन पोरगा आला यादी घेऊन,
टोपी, बूट, उन्हानं लाल.
सतरा नंबरवर थांबला. हे काय?
म्हणलं, नऊ मीटर खालचं.
बराच वेळ बघत राहिला.
मग यादीवर खूण केली. बरोबरची की चुकीची,
मला दिसली नाही.

निघालात? थांबा की पाच मिनिटं.
साडेदहा होऊन गेले,
मुंबईची रातगाडी स्टेशनातून सुटली असेल.
ती लाईन इथून दोन शेतं पलीकडं,
तुम्हाला शिट्टी ऐकू येईल, मला पायात येते.
आधी खुर्ची कळते. मग पेट्या.
एकोणचाळीस पेट्यांतले दगड
एकमेकांना हळूच लागतात,
धोटा इतकासा सरकतो.

चपला काढा आता.
टेका पाय.